बिनधुलाईची पावडर

सातपूर, नाशिक
२३ नोव्हेंबर १९८२

दादा,

जय भीम.

तू विंचूरला गेलास हे मला कॅन्टीनच्या रांगेत तुझ्या खात्यातल्या कोंडाजीकडून कळलं. त्याला वाटलं, मला ठाऊक असणारच. मीही "हो, माहीत आहे" म्हणून ताट पुढे केलं. घरी येऊन आईला सांगितलं की वहिनीच्या भावाकडे, खंडेरावांच्या खळ्यावर कांद्याची गडबड आहे, म्हणून दादा तिकडे मदतीला गेलाय. आई "बरं" म्हणाली. तिचा विश्वास बसलेला नाही, पण माझी फजिती व्हायला नको म्हणून तिनं पुढे काही विचारलं नाही.

त्याच्या आठवडाभर आधी वहिनी आईला भेटायला आली होती, पण जायचं काही बोलली नाही. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "भागू, तुम्हा भावाबहिणीत नेमकं झालं काय गं? हे तर तोंडच उघडत नाय." मला तेव्हा एका वाक्यात सांगता आलं नाही. आता सावकाश लिहिते. तिला वाचून दाखव. तुला नको वाटलं तर खंडेरावांना वाचायला दे.

वहिनी, आमच्या कारखान्यात साखर कारखान्यांच्या मळीपासून काढलेलं स्पिरिट येतं. त्याचा वायू करतात आणि त्या वायूची प्लास्टिकची पांढरी पावडर. त्या पावडरच्या पुढे घागरी होतात, दोर होतात, खताच्या गोण्या होतात. पण वायूची पावडर आपोआप होत नाही. त्यासाठी कॅटॅलिस्ट घालावा लागतो. दादा कामाला लागला त्याच आठवड्यात त्यानं त्याला विरजण म्हणायला सुरुवात केली, आणि आता आमचे गायधनी साहेबसुद्धा, एवढे पीएचडी झालेले, विरजणच म्हणतात.

जुनं विरजण फार लागायचं. टायटॅनियमच्या क्षाराचे गठ्ठे असायचे. गठ्ठ्याच्या वरचे कण तेवढे कामाला लागायचे, आतले नुसते बसून. मग पावडरमध्ये विरजणच इतकं उरायचं की ती पिवळी पडायची, साचे गंजवायची. म्हणून ती धुवावी लागायची. आधी स्पिरिटनं, मग पाण्यानं. त्यातून आम्लाची वाफ निघते, डोळे चुरचुरतात, छातीत जाते. ते धुलाई खातं, आणि दादा त्या खात्याचा मुकादम.

मी एमएस्सी होऊन इथल्या प्रयोगशाळेत लागले तेव्हापासून माझं काम एकच. ते टायटॅनियम दुसऱ्या एका क्षारावर, मॅग्नेशियमच्या, पातळ पसरून बसवायचं, म्हणजे प्रत्येक कण उघड्यावर येतो आणि प्रत्येकाला काम मिळतं. मग चिमूटभर विरजण पुरतं. इतकं थोडं की ते पावडरमध्ये राहिलं तरी बिघडत नाही.

म्हणजे पावडर धुवायला लागत नाही.

हे दादापासून मी कधीच लपवलं नव्हतं. प्रयोग फसला की तोच विचारायचा, "काय भागू, आज पण दूधच?" सप्टेंबरात ते जमलं. बिनधुलाईची पावडर जाळून पाहिली तर खाली राख जवळजवळ नव्हतीच, म्हणजे विरजण फारसं उरलंच नव्हतं. मी खूश होते. इतकी की गायधनी साहेबांनी आणलेले पेढे मीच सगळ्या टेबलांवर वाटले. मी पेढे वाटत असतानाच मॅनेजरसाहेब कॅन्टीनमध्ये आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, नवं विरजण मोठ्या रिअ‍ॅक्टरवर चाललं की धुलाई खातं बंद.

दादा माझ्याकडे वळला. "भागू, हे खरं हाय?"

मी म्हटलं, "हो."

"लय चांगलं झालं," तो म्हणाला. मग हात धुवायला गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. त्याला दुसऱ्या खात्यात, गोण्या भरायला, जागा देत होते. ती त्यानं घेतली नाही, राजीनामा दिला.

वहिनी, झालं ते एवढंच. "लय चांगलं झालं" हे तो कसं म्हणाला ते मी तुला लिहून दाखवू शकत नाही. मी रोज ते वेगवेगळ्या आवाजात म्हणून बघते.

आईची तब्येत ठीक आहे.

तुझी,
भागू


सातपूर
३० डिसेंबर १९८२

दादा,

तुझं पत्र आलं नाही, तरी लिहिते. ही बातमी तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी.

नवं विरजण मोठ्या रिअ‍ॅक्टरवर फसलं.

प्रयोगशाळेच्या छोट्या भांड्यात जी पावडर छान पडत होती ती मोठ्या भांड्यात पिठीसारखी निघाली. चाळणीच्या जाळ्यांत बसली, नळ्यांत बसली, पंख्याच्या पात्यांवर चढली. रिअ‍ॅक्टर थांबवून, उघडून, आत जाऊन खरवडावी लागली. तेवढे दिवस कारखाना बंद. मग पुन्हा जुनं विरजण आणि पुन्हा धुलाई. तुझ्या खात्यातली माणसं मला जिन्यावर भेटली तर हसली. वाईट हसली नाहीत. परीक्षेत नापास झालेल्या पोराकडे बघून हसतात तशी.

दुसऱ्या दिवशी गायधनी साहेबांनी मला बोलावलं. दार लावून घेतलं. ते कधी दार लावत नाहीत.

"चंद्रभागाबाई, एक विचारतो. राग मानू नका."

"विचारा."

"वरून विचारणा झालीय. तुमचा भाऊ धुलाईत होता. हे जे झालं, ते... आपोआपच झालं ना?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला पेन मी टेबलावर ठेवला, आणि मग तो उचलायचा की नाही हेही सुचेना. इतकी वर्षं त्या बंद काचेच्या पेटीत हात घालून, कोरड्या नायट्रोजनमध्ये, हवेचा एक श्वास लागू न देता मी ते विरजण सांभाळलं, आणि मीच ते बिघडवेन?

"साहेब, तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटत नाही," ते लगेच म्हणाले. "पण विचारायला मला सांगितलं होतं. आता मी सांगेन की विचारलं."

बाहेर येऊन मी नळाखाली तोंड धुतलं. मग माझ्या मनात जे आलं ते तुला सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मनात आलं की बिघडवायची तर गरजच नाही. मी नुसतं काही केलं नाही तरी पुरे. पिठी पडते ती पडू दे. खातं चालू राहील, कोंडाजी कामावर राहील, तू परत येशील.

दादा, तू परत येशील का?

वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद. छे, वहिनीला नमस्कार. बघ, काय लिहितेय ते मला कळत नाही.

भागू


सातपूर
४ फेब्रुवारी १९८३

दादा,

कोंडाजी जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल.

मंगळवारी सकाळच्या पाळीत धुलाईची टाकी तुंबली. नव्या मुकादमाला घाई होती. टाकी रिकामी केली पण पुरेशी हवा खेळू दिली नाही, आणि कोंडाजीला आत उतरवलं. तो खाली पोचला आणि बसला. वरच्यांना वाटलं, काम करतोय. मग त्याचं डोकं पुढे झुकलं. दोर लावून ओढून काढला. ओठ निळे झाले होते. मी धावत गेले तेव्हा त्याला अंगणात उताणा निजवला होता आणि धुलाईतलाच गोटीराम त्याच्या तोंडावर पाणी मारत होता.

आता तो सिव्हिल हॉस्पिटलमध्ये आहे. बोलतो, पण दोन शब्द झाले की थांबतो. डॉक्टर म्हणाले की छाती पहिल्यासारखी व्हायची नाही.

तू मुकादम असतास तर, असं मला कुणी बोललं नाही. मीही बोलत नाही.

संध्याकाळी मी भाकरी घेऊन गेले. अंबूबाई, त्याची बायको, खाटेच्या पायथ्याशी बसली होती. मला वाटलं, ती मला घालवून देईल. तिनं जागा करून दिली. बराच वेळ आम्ही दोघी त्याची छाती वरखाली होताना बघत होतो. मग ती म्हणाली, "ताई, ते तुमचं नवं हाय ना, बिनधुलाईचं, ते कधी व्हनार?"

मी म्हटलं, "ते झालं तर खातं बंद होईल, अंबूबाई."

"तेच म्हनते ना मी. ह्ये चालू राह्यलं तर मानूस जातो. बंद झालं तर काम जातं. तुम्ही शिकलेल्या. ह्याच्यातलं तिसरं काय नाय का?"

तिनं ते टोमण्यानं विचारलं नव्हतं. तिला खरंच वाटत होतं की मला माहीत असेल.

घरी येताना त्र्यंबक रोडवर मी बसमधून एक थांबा आधीच उतरले आणि चालत आले. आईनं विचारलं, "कोंडाजी कसा हाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "जयरामला लिही." म्हणून हे लिहिते आहे. तुझ्याकडून काही हवं म्हणून लिहिलेलं नाही.

पिठीवर काय करायचं त्याची एक कल्पना माझ्याकडे आहे. डिसेंबरपासून आहे. उद्यापासून करायला घेते.

भागू


सातपूर
१९ मे १९८३

दादा,

तुला बुंदी पाडलेली आठवते ना, चौदा एप्रिलला विहारापुढे? तू झारा आपटायचास आणि बाकीचे तुझ्यावर ओरडायचे, दाणे लहानमोठे पडतात म्हणून.

मी तेच केलं.

त्याचं असं आहे. पावडरचा दाणा विरजणाच्या कणाचाच आकार घेतो, फक्त कितीतरी मोठा होऊन. विरजणाचा कण वेडावाकडा, ठिसूळ असेल तर तो भांड्यात फुटतो आणि पिठी पडते. कण गोल आणि घट्ट असेल तर दाणाही गोल. परदेशात कुणीतरी हे केलंय असं मासिकात वाचलं होतं, पण कृती कोण छापतो? मग आम्ही तो मॅग्नेशियमचा क्षार स्पिरिटबरोबर वितळवला, गरम तेलात सोडला आणि जोरात घुसळला. त्याचे बारीक थेंब झाले. ते सगळं एकदम थंडगार द्रवात ओतलं. थेंब होते तसे गोठले. गोल. मग त्यांच्यावर टायटॅनियम बसवलं.

सांगायला सोपं आहे. घुसळण कमी पडली की दाणे मोठे, जास्त झाली की धूळ. तेल जरा थंड झालं की गोळा. हवेतला ओलावा लागला की सगळंच मेलं. मार्च आणि एप्रिल ह्यातच गेले. नाशिकची कोरडी हवा आमच्या बाजूनं होती.

एप्रिलच्या शेवटी मोठ्या रिअ‍ॅक्टरमधून पहिली पावडर निघाली. मी हात घातला. दादा, राजगिऱ्यासारखी. हाताला चिकटली नाही, मुठीतून घरंगळून गेली. गायधनी साहेब बुटासकट तिच्यात उभे राहिले होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

पण ह्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. मोठ्या रिअ‍ॅक्टरवर जायच्या आधी मी साहेबांकडे गेले.

म्हटलं, "साहेब, हे विरजण रोज बनवायचं तर वेगळं खातं काढावं लागेल. माणसं लागतील."

"आयटीआयची पोरं घेऊ."

"धुलाईची माणसं घ्या."

"त्यांना इंग्रजीतलं साधं लेबल वाचता येत नाही."

"मी शिकवते."

"आणि मॅनेजर नाही म्हणाले तर?"

"तर मी कुणालाच शिकवणार नाही. आयटीआयच्या पोरांनाही नाही."

ते चष्मा काढून बघत राहिले. "चंद्रभागाबाई, हे तुम्ही विचारताय की बजावताय?"

मला घाम फुटला होता. म्हटलं, "विचारतेय."

"बरं. वर सांगताना मी 'बजावतायत' म्हणेन," ते म्हणाले, आणि चष्मा चढवला. ह्या माणसानं डिसेंबरात मला तो प्रश्न विचारला होता, म्हणून मी त्यांच्याशी मोजकंच बोलत होते. त्या दिवसापासून पुन्हा बोलू लागले.

मॅनेजर अर्धवट कबूल झाले. जो वाचायला शिकेल तो नव्या खात्यात. बाकीच्यांचा हिशेब करून मोकळं करणार. मग रविवारी विहारात वंदना झाली की आमचा वर्ग. गोटीरामनं पहिल्या दिवशी एन उलटा काढला आणि म्हणाला, "ताई, नायट्रोजन उलटा झाला तर स्फोट व्हईल का?" सगळे हसले. तीसतीस वर्षांचे बाप्ये, पाटी मांडीवर घेऊन बसायचे. अंबूबाई दारात उभी राहून ऐकायची. मी तिला आत बोलावलं. तीही शिकली, उगाचच.

निम्म्याहून जास्त घेतले गेले. म्हातारे राहिले. मंगळूकाकांना अक्षर दिसतच नाही, त्यांना मी काय शिकवणार? आणि धोंडाबाईचा नवरा दोनदा येऊन तिसऱ्यांदा आलाच नाही. कोंडाजीला गेटवर बसवलंय, आल्यागेल्यावर नजर ठेवायला. त्याला जिना चढवत नाही.

परवा धुलाई खातं बंद झालं. कुणी भाषण केलं नाही. माणसांनी टाक्या घासल्या, झडपा बंद केल्या आणि बाहेर आली. मी तिथेच उभी होते. मंगळूकाका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जयराम असता तर आज वरडला असता, ह्या कोपऱ्यात अजून घाण हाय म्हणून." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. त्यांना आता काम नाही, आणि हात त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला.

अंबूबाईला मी तिसरं काही देऊ शकले नाही. दोन्हींतलं थोडं थोडं दिलं.

तुझी,
भागू


सातपूर
१२ सप्टेंबर १९८३

दादा,

काल तुला भेटून आले, आणि आज पुन्हा पत्र. समोर बसून जे बोलता आलं नाही ते लिहिते.

यष्टीनं निफाड सोडलं तेव्हाच मला वाटत होतं, उतरावं आणि परत फिरावं. वहिनीचा निरोप होता, "एकदा येऊन तर जा, ते काय खात नाय तुला." खळ्यावर आले तेव्हा तू कांद्याच्या ढिगापाशी वाकून निवड करत होतास. इतका काळा पडलायस. माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "चहा घे." जणू मी रोज येते.

चहा झाला. मग तू ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती ते विचारलंस. "ती बुंदी अजून तशीच पडती का?"

म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस.

मी म्हटलं, "पावसाळ्यात त्रास देते. हवा ओली असते."

"मग?"

"खोली बंद करून हवा कोरडी करतो. चालतं."

तू मान हलवलीस. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "दादा, तू माझ्यावर अजून किती दिवस चिडून राहणार?"

तू हातातला कांदा खाली ठेवलास. तू म्हणालास ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते मला विसरायचं नाही.

"तुला वाटतं मी तुझ्यावर चिडलो? खुळी हायस. तू केलं ते लय चांगलं केलं. त्या दिवशी बोललो ना मी, सगळ्यांपुढं. खरंच बोललो होतो. पन त्या माणसांना कामावर कोणी आनलं? मी. कोंडाजीला त्याच्या वावरातून मी उठवून आनला. आन वरीसानुवरीस त्यांना सांगत काय होतो, माझ्या भनीचं विरजन जमू द्या, मग बघा, आपले दिवस फिरत्याल. म्हनजे पगार वाढंल, असं म्हनायचं होतं मला. मला तेवढंच कळत होतं. मॅनेजर बोलला तवा कॅन्टीनमधी सगळ्यांनी कोनाकडं पाह्यलं, म्हाईतीय? तुझ्याकडं नाय. माझ्याकडं."

तू पुन्हा कांदा उचललास आणि बोलत राहिलास.

"मला गोण्यांवर जागा देत होते. मुकादमाला जागा, आन मानसं रस्त्यावर. मी कोणत्या तोंडानं गोन्या भरायच्या? आन तुला पाह्यलं का त्येच आठवतं. म्हनून पत्र लिवलं नाय. तू काय केलं म्हनून नाय."

दादा, वर्षभर मी ते "लय चांगलं झालं" उलटंसुलटं करून बघत होते. एकदाही मला वाटलं नाही की तू ते सरळ म्हणाला असशील. आपल्याला एकमेकांचं बोलणं इतकंही का कळू नये?

तुला मी त्या वेळी काहीतरी म्हणायला हवं होतं. पण तेवढ्यात खंडेरावांचा ट्रॅक्टर आला आणि तू उठलास. म्हणून आता म्हणते. त्या माणसांनी तुझ्याकडे पाहिलं ते तू त्यांना फसवलंस म्हणून नाही. अशा वेळी ती नेहमी तुझ्याकडेच बघायची, टाकी तुंबली तरी, पाणी गेलं तरी. कोंडाजी मला गेटवर रोज विचारतो, "मुकादम काय म्हनतो?" मी रोज खोटं सांगते की बरा आहे, आठवण काढतो. आजपासून खोटं सांगावं लागणार नाही, एवढं तरी झालं.

पण तू एकदा त्याला स्वतः भेट. मला भेटायला येऊ नकोस हवं तर.

भागू


सातपूर
९ फेब्रुवारी १९८४

दादा,

कोंडाजीनं आज गेटवर मला थांबवलं. मध्ये मध्ये दम खात सगळं सांगितलं. रविवारी तू आलास, त्याच्या खाटेवर बसलास आणि दोघंही एकदमच बोलायला लागलात. तिथून मंगळूकाकांकडे गेलास. मग धोंडाबाईच्या घरी. काम गेलेल्या प्रत्येकाच्या दारात गेलास. मंगळूकाका म्हणाले म्हणे, "माफी कसली मागतो, बस, भाकर खा." धोंडाबाईच्या नवऱ्यानं मात्र तुला आत घेतलं नाही. तरी दुसऱ्या दिवशी तोच तुझ्याबरोबर विंचूरला गेला, खळ्यावर कामाला.

मी त्या रविवारी घरीच होते. दार उघडंच होतं. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तू त्यांच्याकडे आधी गेलास हे मला बरंच वाटलं. पण बरं वाटून झाल्यावर मी दोनदा दारापर्यंत जाऊन गल्लीत बघून आले, हेही खरं आहे.

आता कारखान्याची बातमी. स्पिरिटचा भाव चढतोय, आणि तिकडे गुजरातेत खनिज तेलापासून वायू काढणारे मोठाले कारखाने उभे राहिलेत. आमच्यापेक्षा त्यांची पावडर स्वस्त पडते. गायधनी साहेब काल म्हणाले, "विरजण आपलं उत्तम आहे हो, पण दूधच महागलं." अजून काही वर्षं चालेल म्हणतात. मग नव्या खात्यातल्या माणसांचं आणि माझंही तेच होणार, जे तुझं झालं. आधी मला भीती वाटली. मग तुझी आठवण झाली.

आई विचारते, नातवंडांना उन्हाळ्यात आणणार का. तिचे गुडघे दुखतात, बाकी ठीक.

तुझी,
भागू


मु. पो. विंचूर, ता. निफाड
१७ फेब्रुवारी १९८४

भागूस जयरामचा जय भीम.

पत्र मिळालं. सगळीच मिळाली होती. लिवायला बसलो का पयल्या ओळीतच हात थांबायचा. आज तुझी वहिनी भिमा म्हणली, कार्ड लहान असतं, त्याच्यावर लिवा.

त्या रविवारी तुझ्या दारापस्तोर आलो होतो. आतून तुझं आन आईचं भांडण ऐकू येत व्हतं, कालवणात मीठ जास्त का कमी. तिथंच उभा राह्यलो. आत आलो असतो तर रडू आलं असतं. म्हणून फिरलो.

कारखान्याची काळजी करू नको. पडला बंद तर हिकडं ये. खळ्यावर निवडीला माणूस लागतो. तुला शिकवीन. एन उलटा काढला तरी चालंल.

मागल्या आठवड्यात निफाडला डाक्तरनं छाती तपासली. मागच्या साली त्यानंच सांगितलं व्हतं का जपा, छाती खराब हाय. आता म्हणला, साफ झाली, कोणचं औषध घेतलं? मी म्हणलो, बहिणीनं नोकरी घालवली. तो हसला. मग मी पण हसलो. लय दिवसांनी.

हे कोंडाजीला सांगू नको. त्याची साफ झाली नाय.

येत्या रविवारी आम्ही सगळे येतो. मी आधी त्याच्याकडं जाईन, मग तुझ्याकडं.

जयराम